शेवटचा स्टॉप : रंकाळ्यावरच्या मधुमेही सोबत्यांचं एक प्रकरण

एका माणसानं इन्सुलिन सुरू करायला सहा-सात महिने उशीर केला आणि त्या उशिरात एका विनोदाचाही वाटा होता, त्याचं हे प्रकरण. विनोद वाईट हेतूनं केलेला नव्हता. ज्यानं तो केला, जे त्यावर हसले आणि ज्यांना तो लागला, ती सगळी एकमेकांवर जीव टाकणारी माणसं आहेत. म्हणूनच तो नीट लिहून ठेवावा असं वाटलं. मधुमेही माणसांनी एकत्र यावं, हसावं, मन मोकळं करावं, असा सल्ला सगळेच देतात. हसता हसता कोण गप्प होतं, तिकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

मी स्वतः टाइप दोनचा मधुमेही आहे आणि औषधाच्या दुकानात उभं आयुष्य काढलं आहे. खाली आलेल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी अण्णा व बाई या दोघांनाही विचारलं आहे.

माणसं

कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठानं सकाळी फिरणाऱ्यांची कमी नाही. त्यातला आमचा सात-आठ जणांचा घोळका. फेरी संपली की संध्यामठाच्या बाजूला कट्ट्यावर टेकायचं, पाणी प्यायचं, मग घर. गटाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. एकमेकांच्या हातात औषधाच्या पिशव्या बघून ओळखी झाल्या आणि वाढल्या.

या प्रकरणात चौघं महत्त्वाचे. अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या माणसानं तिकिटासाठी खिशात हात घालावा. मामा शाहू मार्केट यार्डात एका गूळ अडत्याकडे दिवाणजी होते. पैलवान तरुणपणी खासबाग मैदानात लढलेले. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही, आणि पन्नाशीत साखर निघाली. चौथ्या बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. कट्ट्यावर त्या बोलायच्या कमी, पण पैलवानांची प्रयोगशाळेची चिठ्ठी वाचायची असली की ती आपोआप बाईंच्या हातात जायची.

सौदा

गट कशावर चालतो ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सुरुवातीला कुणी आपला आकडा सांगत नसे. रुग्णाला रक्तातली साखर परीक्षेच्या निकालासारखी वाटते, कारण दवाखान्यात ती तशीच वाचली जाते: एवढी वाढली, म्हणजे तुम्ही काहीतरी केलंत. एकदा एक नवे गृहस्थ आकडा सांगताना अडखळले, तेव्हा मामा म्हणाले, "लाजताय कशाला? आज सौदा किती निघाला, तेवढं सांगा की."

तेव्हापासून उपाशीपोटीच्या आकड्याला कट्ट्यावर सौदाच म्हणतात. आकडा चढला की तेजी, उतरला की मंदी. यार्डात गुळाला तेजी आली की शेतकऱ्याच्या तोंडावर हसू येतं. इथं मंदीला टाळ्या पडतात.

"मामा, सौदा?"

"एकशे ब्याऐंशी. लई तेजी हाय आज."

"रात्री काय खाल्लासा?"

"पोरीच्या घरी बासुंदी हुती. वाटीभरच खाल्ली."

"वाटी का घंगाळ, ते सांगा आधी."

हसणं व्हायचं, आणि हसता हसता मामांकडून खरं निघायचं: वाटी एकच, पण तीनदा भरलेली. दवाखान्यात हेच मामा "गोड अजिबात नाही" असं छातीठोक सांगायचे. यात लबाडी नव्हती. दवाखान्यात खरं सांगितलं की बोलणी बसतात, कट्ट्यावर खरं सांगितलं की हशा मिळतो आणि पाठोपाठ उपायही मिळतो. बाजारात दर चढला तर चढला का, असं माणूस विचारतो. दराला दोष देत बसत नाही. मामांच्या एका शब्दानं आकड्याची लाज गेली आणि कारण शोधायची सवय लागली.

ही सवय कामाला आली. पैलवानांचा सौदा एका आठवड्यात एकदम तीनशेच्या वर गेला. खाण्यात काही बदल नव्हता. चेष्टा चालू असताना बाईंनी विचारलं, गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं ना? घेतलं होतं, आणि ते स्टेरॉइडचं होतं. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडनंही काही दिवस साखर चढते, हे पैलवानांना कुणी सांगितलं नव्हतं. ते घाबरून रात्रीचं जेवण सोडून बसले होते.

यात आणखी एक सोय होती. ज्याला सांगायचं नसेल त्यानं "सौदा बंद" म्हणायचं. पुढं कुणी विचारायचं नाही. यार्डात कधीकधी सौदे बंद पडतात, तसंच. मला ही सोय फार मायाळू वाटत आली आहे. पण बाई वरचेवर "सौदा बंद" म्हणायच्या आणि आम्ही कधीच विचारलं नाही, हेही याच प्रकरणात येतं.

तोच विनोद, दुसऱ्या तोंडून

अण्णांचा मुलगा पाहुण्यांसमोर म्हणायचा, "आमच्या घरी खाजगी साखर कारखाना हाय, बाबांच्या नावावर." कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्याचा विनोद कुणालाही सुचेल. मुलगा प्रेमळ आहे, बापाची औषधं तोच आणतो. तरी अण्णा अशा वेळी उठून आत जायचे. अण्णांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, हे मला नंतर सांगितलं.

हाच विनोद मामांनी कट्ट्यावर कितीतरी वेळा केला होता. "अण्णा, यंदा गाळप किती?" अण्णा पोट धरून हसायचे आणि उलट विचारायचे, "तुमचा बॉयलर पेटला का?" शब्द तेच, मग फरक कुठं पडला? मामांच्या अंगातही तीच साखर होती. रात्री तिसऱ्यांदा लघवीला उठणारा माणूस दुसऱ्या तसल्याच माणसाला चिडवतो तेव्हा दोघं एका पायरीवर असतात. निरोगी माणूस चिडवतो तेव्हा तो वरच्या पायरीवरून बोलतो, त्याच्या मनात तसं काही नसलं तरी.

शेवटचा स्टॉप

आता तो विनोद. तो अण्णांचा स्वतःचा होता.

कुणी इन्सुलिनचं नाव काढलं की अण्णा उभे राहायचे, हात वर करून दोरी ओढल्यासारखं करायचे आणि ओरडायचे, "चला, उतरून घ्या! शेवटचा स्टॉप आला! सामान विसरू नका!" मग स्वतःच, "डबल बेल!" म्हणून फेरी सुरू करायचे. एसटीत एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. अख्खा कट्टा हसायचा. बाईही हसायच्या. एखादा दिवस विनोद झाला नाही तर पैलवान मुद्दाम म्हणायचे, "अण्णा, ते इन्सुलिन म्हंजे काय ओ?"

इन्सुलिन म्हणजे शेवट, हा समज अण्णांनी शोधून काढलेला नाही. २००१ मध्ये भारतासह १३ देशांत 'डॉन' नावाची मोठी पाहणी झाली. इन्सुलिन न घेणाऱ्या कितीतरी मधुमेहींना ते सुरू होण्याची धास्ती वाटत होती आणि ती वेळ आली म्हणजे आपणच कमी पडलो असं वाटत होतं, हे त्यात दिसलं. अनेक डॉक्टर अगदी गरज पडेपर्यंत इन्सुलिन लांबणीवर टाकतात, हेही दिसलं. काही तर इन्सुलिनचा धाकही घालतात. अण्णांना पूर्वी एका दवाखान्यात असंच सांगितलं होतं: पथ्य नाही पाळलंत तर सुईवर टाकीन. औषध शिक्षा म्हणून सांगितलं, तर पुढं ते औषध म्हणून लिहून दिलं तरी माणूस शिक्षाच ऐकतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. टाइप दोनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात दिसलं, की निदान होतं त्या वेळीच या पेशींची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते आणि पुढं ती उतरतच राहते. म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी गोळ्या पुऱ्या पडेनाशा झाल्या, तर तो बहुतेक वेळा आजाराचाच पुढचा टप्पा असतो. त्यात रुग्णाचा आळस किंवा लबाडी शोधायचं कारण नाही.

अण्णांना या टप्प्यानं गुढीपाडव्यानंतरच्या तपासणीत गाठलं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, १०.४ आली. तीन प्रकारच्या गोळ्या चालूच होत्या. डॉक्टरांनी रात्री एकदा इन्सुलिन घ्यायला सांगितलं. अण्णांनी "शेतीची कामं आटपू देत" म्हणून चिठ्ठी खिशात घातली आणि कट्ट्यावर अवाक्षर काढलं नाही. घरी कारल्याचा रस सुरू झाला, जांभळाच्या बियांची पूड आली, मेथ्या भिजू लागल्या. सकाळी विचारलं की म्हणायचे, "सौदा बंद."

आणि त्या उन्हाळ्यात शेवटच्या स्टॉपचा खेळ कधी नव्हे इतका रंगला. हावभाव वाढले, आवाज चढला, नवीन वाक्यं आली. तेव्हा ते आम्हाला नुसतं मजेदार वाटलं.

नवरात्र

अण्णा लग्न झाल्यापासून नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहतात. कोल्हापुरात अंबाबाईचा हा नेम कितीतरी घरांत आहे. त्या वर्षीही पायात काही न घालता ते फिरायला आले, देवळात गेले, ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाऊन आले. सातव्या माळेला त्यांच्या नातीनं विचारलं, फरशीवर लाल कसले ठसे आहेत?

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खडा रुतून जखम झाली होती. किती वेळ झाला होता, अण्णांना सांगता आलं नाही, कारण दुखलंच नव्हतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, आणि बधिर पाय तक्रार करत नाही. ज्याच्या पायाला मुंग्या येतात किंवा चप्पल कधी निसटली ते कळत नाही, अशा मधुमेहीनं देवाच्या नेमासाठी काय किंवा आरोग्यासाठी म्हणून दवातल्या गवतावर काय, अनवाणी चालू नये. पायच ठेवायचा असेल तर याला दुसरा मार्ग नाही. अण्णांची श्रद्धा मला मोलाची वाटते, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. नेम दुसऱ्या कशाचाही धरता येतो.

डॉक्टरांनी जखम साफ केली, अँटिबायोटिक दिलं आणि इन्सुलिन आजच सुरू करा म्हणाले. साखर चढलेली असताना जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंचं फावतं. अण्णांनी अँटिबायोटिक घेतलं. इन्सुलिन नाही.

दसरा झाला तरी अण्णा कट्ट्यावर आले नाहीत, तेव्हा आम्ही घरी गेलो. सगळं काकूंकडून कळलं. अण्णा पलंगावर पाय लांब करून बसले होते आणि सारखे विषय बदलत होते. शेवटी म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला चालू करतो की. मुहूर्त चांगला हाय. गुळाचं सौदं बी त्याच दिवशी निघत्यात."

मामा एरवी यावर खुलले असते. ते म्हणाले, "सौद्याला मुहूर्त असतोय अण्णा, काहिलीला नसतोय. पाक तयार झाला की काहिल तवाच उतरवायची. मुहूर्त बघत बसला गुळव्या, तर समदं करपतंय."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या वडलांना सुई लावली आन चौथ्या महिन्यात गेले."

इतक्या वर्षांत हे आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. वडलांना इन्सुलिन फार उशिरा, मूत्रपिंडं निकामी होत आल्यावर मिळालं होतं. काकूंनी सांगितलं त्यावरून हे उघड दिसतं. पण तरुण अण्णांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी एकामागून एक घडल्या: सुई आली, वडील गेले. शेवटचा स्टॉप तिथून आला होता. आम्ही ज्यावर रोज हसत होतो, ती त्या माणसाची सगळ्यात जुनी भीती होती. रोज दहा माणसांत ओरडून तो ती लहान करत होता, आणि दहा माणसं हसली की ती त्याला खरीही वाटत होती.

बाईंचं पेन

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "तुम्ही औषधवाले. संध्याकाळी माझ्याबरोबर अण्णांकडे चला." कशाला, ते सांगितलं नाही.

काकूंनी जेवायचा आग्रह केला. एरवी बाई कुणाकडे जेवत नाहीत, त्या दिवशी लगेच हो म्हणाल्या. पानं मांडली जात होती तेव्हा त्यांनी पर्समधून एक जाड पेन काढलं, त्याला सुई लावली, दोन युनिट हवेत सोडून बघितली, आकडा फिरवला, पदर थोडा बाजूला करून पोटाला टोचलं आणि मनात दहापर्यंत मोजून काढलं. खोलीत कुणी बोलत नव्हतं.

"अण्णा, सहा वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "दोन वेळा. तुम्ही ओरडता तो शेवटचा स्टॉप नव्हे. तो डेपो आहे. तिथं गाडीत डिझेल भरतात आणि गाडी परत रस्त्याला लागते. माझी रोज लागते. तुमच्या पुढे चालते मी रंकाळ्यावर."

अण्णा हसले नाहीत. त्यांना राग आला. "सहा वर्षं? आन सहा वर्षं आमच्यासंगं हसत हुतासा?"

"न हसून काय केलं असतं?" बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी वळून बघितलं असतं."

इन्सुलिन सुरू झालं तेव्हा त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. आईला सुई आहे हे कळलं की लोक मुलीकडे कसं बघतात, हे त्यांनी नात्यात पाहिलं होतं. म्हणून घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही. इन्सुलिन त्या माझ्या दुकानातून न घेता शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणायच्या. मुलीचं लग्न होऊन गेलं, पण तोवर कट्ट्यावर शेवटचा स्टॉप सुरू झाला होता आणि सांगायची वेळ निघून गेली. दुकानात इन्सुलिन घेणारी माणसं ते वर्तमानपत्रात गुंडाळून मागतात, पिशवी काळी द्या म्हणतात. मी ते नेहमीच पाहत आलोय. कट्ट्यावर शेजारी बसून हसणारं माणूस तेच करत असेल, हे मात्र माझ्या मनात आलं नव्हतं.

जेवण थंड झालं. मग अण्णांनी हळूच विचारलं, "दुखतंय का?"

त्या एका प्रश्नानंतर अर्धा तास नुसते प्रश्न होते, आणि त्यातला एकही त्यांनी डॉक्टरांना विचारला नव्हता. लग्नाला गेलं तर कुठं टोचायचं? बाई म्हणाल्या, पोटाला किंवा मांडीला, जागा रोज बदलायची, नाहीतर गाठी होतात आणि औषध नीट शोषलं जात नाही; मंगल कार्यालयात मी सरळ बायकांच्या खोलीत जाते. गावी फ्रिज नाही, मग? याचं उत्तर मी दिलं: न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, वापरात असलेलं पेन ऊन न लागता सावलीत राहिलं तर बहुतेक प्रकारांत २८ दिवस चालतं, कडक उन्हाळ्यात मातीच्या भांड्याच्या गारव्यात ठेवावं. सुई केवढी? पेनाची सुई ४ मिलिमीटरची मिळते. अण्णांनी ती बोटावर धरून बघितली आणि काकूंना म्हणाले, "आगं, हिच्यापेक्षा तुझी गोधडीची सुई मोठी हाय."

त्या संध्याकाळचा पहिला विनोद तो. तो अण्णांनीच केला, आणि माझ्या मते त्याच क्षणी निर्णय झाला.

हे एका कोल्हापुरी गटापुरतं नाही. अमेरिकेत मिशेल हाइस्लर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माजी सैनिकांच्या दवाखान्यांतले २४४ मधुमेही पुरुष होते. काहींना नर्सचं मार्गदर्शन मिळालं. बाकीच्यांच्या जोड्या लावून त्यांनी एकमेकांशी दर आठवड्याला फोनवर बोलावं असं ठरलं. सहा महिन्यांनी जोड्यांच्या गटात एचबीएवनसी सरासरीनं ८.०२ वरून ७.७३ वर आलं होतं, तर नर्सच्या गटात ते ७.९३ वरून ८.२२ वर गेलं होतं. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. त्या काळात जोड्यांच्या गटातल्या ८ जणांनी इन्सुलिन सुरू केलं, दुसऱ्या गटात एकानं. त्या जोड्यांत काय बोलणं झालं असेल ते मला बाईंच्या त्या संध्याकाळवरून समजतं. दुखतं का, हा प्रश्न रोज टोचून घेणाऱ्यालाच विचारावासा वाटतो.

नंतर

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रात्री १० युनिटपासून सुरुवात केली आणि सकाळच्या आकड्यावरून दर तीन दिवसांनी दोन-दोन वाढवायला सांगितलं. जखमेवर भार पडू नये म्हणून चालणं बंद. पैलवान एक दिवसाआड अण्णांना स्कूटरवर बसवून ड्रेसिंगला न्यायचे. फिरणं झालं की रोज दोघंजण अण्णांच्या घरी जाऊन सौदा सांगायचे आणि ऐकून यायचे. जखम भरायला अडीच महिने गेले. आता अण्णांच्या पायात एमसीआर, म्हणजे मऊ रबराची, चप्पल असते आणि रात्री झोपण्यापूर्वी नात बॅटरी घेऊन त्यांचे तळवे बघते.

या दिवसांत गटात एक वाद झाला. एकाचं म्हणणं पडलं, आजारावर विनोदच नकोत, बघा काय झालं ते. काही दिवस आम्ही तसं केलं. कट्ट्यावर हवापाण्याच्या गप्पा झाल्या, कुणी आकडा सांगेना, आणि मामांनी आपली साखर परत "बरी आहे" अशी सांगायला सुरुवात केली. पैलवानांनीच ते मोडलं. "मामा, बरी म्हंजे किती? सौदा बोला." मला तेच योग्य वाटतं. शेवटचा स्टॉप बाद झाला तो कुणी बंदी घातली म्हणून नव्हे. इन्सुलिन घेणारी दोन माणसं समोर बसल्यावर त्यावर कुणाला हसू येईना.

पौषात अण्णा पुन्हा चालू लागले. तिसऱ्या-चौथ्या सकाळी कट्ट्यावर पैलवान म्हणाले, "आज गाडी लेट का ओ?" एरवी यावर अण्णा वेळापत्रक ऐकवतात. त्या दिवशी त्यांनी नुसतं बघितलं, आणि "गप बसा की जरा" म्हणाले. थंडीत कपाळावर घाम होता. मशीन लावलं तर ५८. रात्रीचं इन्सुलिन, सोबत ग्लिमेपिराइडची गोळी, आणि उपाशीपोटी चाल. साखर खाली आली होती.

मामांनी झटकन खिशातून गुळाचा खडा काढला. पण अण्णांना जेवणाबरोबर व्होग्लिबोजही चालू आहे, आणि ही गोळी घेणाऱ्याला अशा वेळी साखर किंवा गूळ पुरत नाही, कारण त्यांचं आतड्यात ग्लुकोजमध्ये रूपांतर व्हायचं काम ती गोळीच लांबवते. त्याला सरळ ग्लुकोज लागतं. पेढा आणि चॉकलेट तर कुणालाच देऊ नये. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. बाईंच्या पर्समध्ये ग्लुकोज पावडरचा डबा होता, तो सहा वर्षं होताच. पाण्यात कालवून साधारण १५ ग्रॅम दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं: ८६. मग बिस्किटं खायला घातली. माणूस शुद्धीवर नसता तर तोंडात काहीही घातलं नसतं, थेट दवाखाना गाठला असता. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं. त्यांनी ग्लिमेपिराइड कमी केली आणि फिरण्याआधी थोडं खायला सांगितलं.

साखर फार उतरली की मेंदूला ती पुरत नाही. चिडचिड, गोंधळ, विचित्र बोलणं ही लक्षणं त्यातूनच येतात. घरच्यांना ती कधी कळतात, कधी नाही. कट्ट्याला मात्र अण्णांचं बोलणं पाठ आहे. आता नियमच झालाय: अण्णांनी चेष्टेला उत्तर दिलं नाही तर आधी मशीन, मग चौकशी.

रात्री साडेनऊला इन्सुलिन घेतलं की अण्णा बाईंना दोन मिस्ड कॉल देतात. डबल बेल. बाईंचे दोन आले की काकू दिवा मालवतात. मागच्या तपासणीत अण्णांचं एचबीएवनसी ७.८ आलं. मामांनी मंदीबद्दल गुळाऐवजी भाजलेल्या शेंगा वाटल्या.

मामांना अजून वाटतं की सेंद्रिय गूळ मधुमेह्याला चालतो. गूळ बहुतांशी साखरच आहे हे मी त्यांना सांगत राहतो, आणि यार्डात आयुष्य काढलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागणार हेही समजतं.

गेल्या महिन्यात पैलवानांचं एचबीएवनसी ९.१ निघालं आणि डॉक्टरांनी इन्सुलिनचा विषय काढला. त्यांनी ते त्याच सकाळी कट्ट्यावर सांगितलं, आकड्यासकट. कुणी हसलं नाही, कुणी उपदेशही केला नाही. अण्णा त्यांच्याजवळ सरकून बसले आणि त्यांनी विचारलं, "घरात कुणाला हुती का सुई? काय बघितलंयसा?"

पैलवान म्हणाले, घरात कुणाला नव्हती, सुईची भीतीही नाही; तालमीतली पोरं वस्ताद म्हणतात, त्यांनी टोचताना बघितलं तर काय वाटेल? अण्णांकडे याचं उत्तर नव्हतं. बाई म्हणाल्या, पोरांना तुम्हीच बोलावून दाखवा, त्यातल्या दोघा-चौघांचे वडील तरी गोळ्या खात असतील. पैलवानांनी अजून हो म्हटलेलं नाही. सोमवारी त्यांना डॉक्टरांनी बोलावलंय. बाई आणि अण्णा सोबत जाणार आहेत, आणि आदल्या संध्याकाळी मी त्यांना पेन कसं भरायचं ते दाखवणार आहे.